निवृत्तीनंतरचा एक बुधवार

उपनगरातल्या नोकरदाराला त्याच्या दिवसाबद्दल विचारा, तो गाड्यांच्या भाषेत उत्तर देईल. सकाळची सात-बावन्नची फास्ट, संध्याकाळची सहा-अठरा, आणि मधले सारे साहेबाचे! १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली, तेव्हापासून पश्चिमेच्या बोरिवली-अंधेरीतल्या आणि मध्य रेल्वेवरच्या मुलुंड-घाटकोपरमधल्या किती पिढ्यांचे दिवस वेळापत्रकाने बेतून दिले आहेत! शिंप्याने कापड बेतावे तसा रेल्वेने आपला दिवस बेतला, आणि तो आपण मुकाट्याने अंगात घातला.

जरा हिशेब करून पाहा. जाऊन-येऊन रोजचे ३ तास, वर्षाचे ३०० दिवस आणि नोकरीची ३५ वर्षे. गुणाकार होतो ३१,५०० तास. दिवसरात्र मोजली तरी साडेतीन वर्षांहून अधिक काळ माणूस नुसता गाडीत असतो!

मग एके दिवशी हे तास परत मिळतात. वय ५८ किंवा ६० होते. नारळ, शाल, दोन-चार भाषणे, एक फोटो. पुढच्या सोमवारी गृहस्थ सवयीने साडेपाचला उठतात, दाढी करतात, आणि मग आता जायचे कुठे, हे त्यांना उमगत नाही.

निरोपसमारंभात त्यांना कोणीतरी विचारलेले असते, “आता पुढे काय?” उत्तरही ठरलेले असते : “आराम करीन, वाचीन, फिरीन, नातवंडांना खेळवीन.” उत्तर चांगले आहे, पण त्यात कुठेही घड्याळ नाही. काशी-रामेश्वर पंधरा दिवसांत आटोपते. वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस कसे जावयाचे?

म्हणून एक साधी युक्ती सुचवावीशी वाटते. पुढच्या वीस वर्षांचे चित्र काढू नका. त्यातल्या फक्त एका दिवसाचे काढा. तो दिवसही दिवाळीचा नको, रविवारचाही नको. साधा बुधवार घ्या. कागदावर सकाळी जाग येण्यापासून रात्री दिवा मालवण्यापर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक तासापुढे चार गोष्टी मांडा : मी कुठे आहे, कोणाबरोबर आहे, काय करीत आहे, आणि हे कोणाच्या जिवावर चालले आहे.

ही कल्पना काही नवी नव्हे. दासबोधाच्या अकराव्या दशकात समर्थांनी माणसाची दिनचर्याच सांगितली आहे, आणि वेळ रिकामा जाऊ न देणे हे भाग्यवंताचे लक्षण मानले आहे. तिकडे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात चोवीस तासांचा तक्ता छापला. आज काय चांगले करावे हे सकाळी स्वतःला विचारायचे, आणि काय केले याचा जाब रात्री द्यायचा! हा गृहस्थ १७४८ साली, ४२ व्या वर्षी, छापखान्याच्या धंद्यातून बाजूला झाला आणि विजेच्या प्रयोगांना लागला. मोकळा वेळ कशासाठी हवा, हे त्याला ठाऊक होते.

चहा कोण करतो?

चार प्रश्नांतला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. बहुतेक पुरुषांचा आदर्श दिवस कसा असतो पाहा. सहाला उठून गरम चहा. मग फिरणे. आल्यावर नाश्ता आणि वर्तमानपत्र. साडेबाराला साधे जेवण, वामकुक्षी, चारला चहा, संध्याकाळी मित्रमंडळी, रात्री हलका आहार. किती समाधानी दिवस! पण यातला प्रत्येक चहा कोणी केला, नाश्त्याची बशी कोणी विसळली, हेही समोर लिहा. म्हणजे ध्यानात येईल की एकाची निवृत्ती ही दुसरीची बढती होऊन बसली आहे, आणि तीही पगारवाढीवाचून!

जी गृहिणी पस्तीस वर्षे घरीच होती, तिचे दुपारी एक ते चार हे तास आजवर तिचे स्वतःचे होते. त्यात तिची झोप होती, भजनाचा वर्ग होता, शेजारणीशी दोन शब्द होते. आता तिथे अकरा तास बाहेर असणारा माणूस येऊन बसतो. दोन खोल्यांच्या घरात खुर्ची कोणाची आणि रिमोट कोणाचा, हेही प्रश्नच! जी स्वतः नोकरी करीत होती, परतीच्या लेडीज डब्यात भाजी निवडीत घरी येत होती, ती एका नोकरीतून निवृत्त होते. दुसरीची मुदत कधी संपते, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

म्हणून हा कागद दोघांनी लिहावा. वेगवेगळा, एकमेकांना न दाखवता. मग अदलाबदल करावी. दुपारी तीनच्या पुढे त्यांनी ‘दोघांनी गप्पा’ लिहिले असेल आणि तिने ‘एकटी’ लिहिले असेल, तर रागावू नये. एवढ्या एका शब्दाने पुढची कित्येक वर्षांची धुसफूस वाचते. आणि वरण-भात लावायला शिकायचे असेल, तर साठीची वाट पाहू नये. सत्तावन्नाव्या वर्षी शिकावे.

अण्णांनी केलेली तालीम

धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. ज्या वयात आपण पेन्शनचे कागद घेऊन खेटे घालतो, त्या वयात! त्याच विद्यापीठाचा एक परिसर आज आपल्या जुहूला उभा आहे. अण्णा १९६२ पर्यंत, १०४ वर्षे जगले. पण ५८ व्या वर्षी त्यांना अचानक स्फुरण चढले, असे मात्र नव्हे. गणिताचे प्राध्यापक असतानाच ते पुण्याहून हिंगण्याच्या आश्रमापर्यंत पायी जात-येत. पुढच्या आयुष्याचा दिवस ते नोकरीत असतानाच जगत होते. निवृत्तीने त्यांना फक्त मधले तास मोकळे करून दिले.

सगळ्यांनाच कर्वे व्हायचे नसते, आणि त्याची गरजही नाही. पण तालीम सगळ्यांना जमेल. मुलांना गणित शिकवावे असे कागदावर आले असेल, तर येत्या शनिवारी दोन मुलांना घेऊन बसा. पेटी शिकायची असेल, तर महिनाभर तासभर बोटे चालवून पाहा. वाचनालयात बसायचे असेल, तर पार्ल्याला १९२३ पासून लोकमान्य सेवा संघ आहे, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे. एकदा संध्याकाळी जाऊन या. तिथली माणसे आवडली तर ठीक. नाहीतर एक ओळ खोडायची. खोडायला पैसे पडत नाहीत.

पाय, पैसा आणि शेजार

पैशाचे गणितही कागदाच्या समासात मांडावे. खाजगी कंपनीतल्या माणसाची भविष्यनिर्वाह योजनेतली पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. २०१४ साली तिची किमान मर्यादा ठरली, ती दरमहा १,००० रुपये. हा आकडा पाहिला की दिवसात हॉटेल किती आणि घरचे पोहे किती, हे आपोआप ठरते.

तसेच पायांचे. सत्तरीनंतर दादरचा पूल चढवेल का? २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपरच्या माणसाला अंधेरीचा मित्र जवळ आला, हे खरे. तरीही रोजचे सुख चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असावे. बोरिवलीकर तर भाग्यवान! वानप्रस्थाश्रमासाठी त्याला दूर जावे लागत नाही; शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान दाराशी आहे, सकाळी जाऊन नऊला परत येता येते.

आणि एक ओळ अशीही हवी, जिच्यात आपली वाट पाहणारे कोणी असेल. गाडीतल्या रोजच्या डब्याने आपल्याला दुसरे काही दिले नसेल, पण एक दिवस गैरहजर राहिलो तर “काल कुठे होतात?” असे विचारणारी चार माणसे दिली. निवृत्तीनंतर माणसाला पगारापेक्षा हा प्रश्नच अधिक आठवतो. तो विचारणारे नवे लोक गाठून ठेवा, आणि जुन्यांचे फोन लिहून घ्या.

दिवाळीत वह्यांचे पूजन करून नवा हिशेब सुरू करण्याची आपली जुनी चाल आहे. यंदा त्या वहीत दोन कोरे कागद ठेवा; एक त्यांच्यासाठी, एक तिच्यासाठी. भाऊबीज आटोपली की दोघांनी बसून आपापला बुधवार लिहावा. पुढच्या दिवाळीला तो काढून पाहावा आणि चुकला असेल तर बदलावा. मात्र चहा घेऊन बसणार असाल, तर या वेळी तो त्यांनी करावा.