अकरावीला गणित घ्यावे का, आणि कोणते? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावीच्या निकालानंतरचा मोठा निर्णय म्हणजे शाखा, असे आपण धरून चालतो. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स यावर घरात आठवडाभर खल होतो. पण शाखेइतकाच दूरवर परिणाम करणारा आणखी एक निर्णय असतो: गणित घ्यायचे का, आणि घ्यायचे तर कोणते? तो मात्र पुष्कळदा कॉलेजच्या खिडकीपाशी अर्ज भरताना, शेजारच्या मुलाने काय लिहिले ते पाहून घेतला जातो. ‘मॅथ्स की बायो’, ‘मॅथ्स की एसपी’ या रकान्यांत केलेली एक खूण पुढच्या प्रवेशांची पात्रता ठरवते, आणि ती खूण करताना हाताशी माहितीपेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त असतात. त्यांतल्या नेहमीच्या काही गोष्टी तपासून पाहू.

गैरसमज : दहावीला नव्वदच्या पुढे असतील तर अकरावीचे गणित जमेलच, साठ-पासष्ट असतील तर सोडलेले बरे.

वस्तुस्थिती : राज्य मंडळाच्या दहावीच्या गणितात बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात. अकरावी सायन्सच्या गणिताच्या पुस्तकाच्या दोन भागांत संमिश्र संख्या, शांकव, क्रमचय आणि संचय, फलन, लिमिट, डेरिव्हेटिव्ह असे विषय येतात आणि त्यांतले बहुतेक मुलांसाठी संपूर्ण नवे असतात. त्यामुळे दहावीच्या गुणांवरून अकरावीचा अंदाज बांधणे दोन्ही बाजूंनी चुकते. ठरावीक सराव करून ९५ मिळवलेला विद्यार्थी पहिल्या चाचणीत गोंधळतो, आणि कच्चे दुवे वेळीच पक्के केलेला ६५ वाला टिकून राहतो.

खरी कसोटी असते ती मागच्या इयत्तांच्या हातखंड्याची. एक उदाहरण घ्या. क्ष ही संख्या ३ च्या जवळ जाते तेव्हा (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) ची किंमत कशाच्या जवळ जाते? थेट ३ ठेवले तर शून्य भागिले शून्य होते. पण क्ष² − ९ चे अवयव (क्ष + ३) आणि (क्ष − ३) असे पाडले की सामाईक अवयव निघून जातो आणि उत्तर ६ येते. यात लिमिटची कल्पना अकरावीची आहे, बाकीची सगळी कृती आठवी-नववीची. ‘लिमिट कळत नाही’ म्हणणारी अनेक मुले प्रत्यक्षात अवयवांपाशी अडलेली असतात. अवयव, अपूर्णांकांची बेरीज, घातांकांचे नियम, वर्गसमीकरण आणि त्रिकोणमितीची गुणोत्तरे या पाच गोष्टी पुस्तक न उघडता जमतात का, हे गुणपत्रिकेपेक्षा खरे उत्तर देते. जमत नसतील तर जून-जुलैत त्या पुन्हा शिकता येतात. मागे जाऊन पाया भरणे यात कमीपणा नाही, ती अकरावीची योग्य सुरुवात आहे.

गैरसमज : डॉक्टर व्हायचे आहे, मग गणिताशी संबंध संपला.

वस्तुस्थिती : नीटमध्ये गणिताचा स्वतंत्र विभाग नसतो, हे खरे. वैद्यकीय प्रवेशासाठी जीवशास्त्र लागते, गणित लागत नाही. पण नीटच्या ७२० गुणांपैकी १८० भौतिकशास्त्राचे असतात, आणि राज्य मंडळाच्या अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे. सदिश, डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची तोंडओळख ‘पीसीबी’च्या, म्हणजे गणिताऐवजी जीवशास्त्र घेतलेल्या, मुलांनाही तिथेच होते. रसायनशास्त्रात पीएच काढायला लॉगॅरिदम लागतो, अभिक्रियेचा वेग समजायला इंटिग्रेशन लागते. जीवशास्त्रातही लोकसंख्यावाढीचे समीकरण आणि आनुवंशिकतेतला हार्डी-वाइनबर्ग नियम आहेच.

म्हणून जीवशास्त्राचीच ओढ असेल तर पीसीबी जरूर घ्यावे, पण एवढे गणित पहिल्या दोन महिन्यांत वेगळे शिकून घ्यावे. ते कॉलेजात कुणी स्वतंत्रपणे शिकवेलच असे नाही, आणि नंतर ‘फिजिक्स अवघड जाते’ अशी तक्रार होते तिचे मूळ बहुधा इथेच असते.

गैरसमज : पीसीएमबी घेणे सगळ्यात सुरक्षित, कारण सगळे पर्याय उघडे राहतात.

वस्तुस्थिती : कागदावर हे बरोबर आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय असलेला विद्यार्थी एमएचटी-सीईटीच्या पीसीएम आणि पीसीबी या दोन्ही गटांना बसू शकतो. पण पर्याय उघडा राहणे आणि त्या पर्यायाची तयारी होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नीटचे निम्मे गुण जीवशास्त्राचे असतात आणि सीईटीच्या पीसीएम गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. दोन्हीकडे पूर्ण ताकद लावायला दिवसाचे तास तेवढेच असतात.

शिवाय काही वाटांसाठी दोन्ही विषयांची गरजच नसते. बी. फार्मसीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रासोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. उलट ज्याला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही मनापासून आवडतात, त्याच्यासाठी पीसीएमबी फार मोलाचे आहे. पुण्यातल्या आयसरसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र या चारही विषयांना सारखेच वजन असते. पीसीएमबी आवडीपोटी घ्यावे. निर्णय पुढे ढकलायचा म्हणून घेतले, तर दोन वर्षे ओढाताण होते.

गैरसमज : आता इंजिनिअरिंगला गणित लागत नाही.

वस्तुस्थिती : या समजुतीचे मूळ २०२१ मध्ये आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत प्रवेशासाठी चौदा विषयांची यादी देऊन त्यांतले कोणतेही तीन चालतील असे म्हटले, आणि ‘गणित-भौतिकशास्त्र ऐच्छिक’ अशा बातम्या झाल्या. टीका झाल्यावर परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल सहस्रबुद्धे यांनी खुलासा केला की गणिताचे महत्त्व कायम आहे आणि हा बदल राज्यांवर किंवा संस्थांवर बंधनकारक नाही. बातमी लक्षात राहिली, खुलासा विसरला गेला.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश आजही पीसीएम गटाच्या गुणांवर होतात. आणि समजा कुठे गणिताशिवाय प्रवेश मिळालाच, तरी पहिल्याच वर्षी एम-वन आणि एम-टू हे गणिताचे पेपर समोर उभे असतात: मॅट्रिक्स, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, डिफरन्शियल इक्वेशन, मल्टिपल इंटिग्रल. त्यांची सुरुवात बारावीचे इंटिग्रेशन येते असे गृहीत धरूनच होते.

गैरसमज : गणित टाळायचे असेल तर दहावीनंतर डिप्लोमाला जावे.

वस्तुस्थिती : पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षातही गणित आहे, आणि त्यात डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनही येते. फरक इतकाच की ते उपयोगाच्या अंगाने आणि कमी खोलात शिकवले जाते. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांना तर एम-वन, एम-टू न करता एम-थ्रीला सामोरे जावे लागते. ज्यांना हाताने काम करत शिकायला आवडते त्यांच्यासाठी डिप्लोमा ही उत्तम वाट आहे. गणितापासून पळवाट म्हणून मात्र ती निवडू नये, आणि पुढे पदवी करायची असेल तर दुसरे वर्ष सुरू होण्याआधीच्या सुटीत एम-वन, एम-टूची पुस्तके वाचून काढावीत.

गैरसमज : कॉमर्सचे गणित म्हणजे नफा-तोटा आणि व्याज, आणि सीए व्हायला तेही लागत नाही.

वस्तुस्थिती : राज्य मंडळात गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. कला आणि विज्ञान शाखांसाठी एक, त्याचा विषय क्रमांक ४०. वाणिज्य शाखेसाठी दुसरा, त्याचा क्रमांक ८८. बारावी कॉमर्सच्या गणिताचा पहिला भाग उघडून पाहिला तर तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन दिसतात. दुसऱ्या भागात विमा आणि वार्षिकी, रिग्रेशन, निर्देशांक, लिनियर प्रोग्रॅमिंग हे विषय आहेत. सायन्सच्या गणितातले सदिश आणि अवकाशातली भूमिती इथे नाही, त्याऐवजी व्यापाराला आणि अर्थशास्त्राला लागणारे गणित आहे. दोन्ही आपापल्या कामाला नेमके आहेत, एकाला वरचे आणि दुसऱ्याला खालचे मानण्यात अर्थ नाही.

सीएसाठी बारावीला गणित असलेच पाहिजे अशी अट नाही. पण सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर पूर्ण १०० गुणांचा असतो आणि त्यात व्यावसायिक गणित ४०, तार्किक क्षमता २० आणि संख्याशास्त्र ४० गुणांचे येते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेतलेली मुले हा पेपर सोडवतात, फक्त त्यांना ही तयारी बारावीच्या अभ्यासासोबत वेगळी करावी लागते. विमागणितज्ज्ञ व्हायचे असेल किंवा अर्थशास्त्रात पुढे जायचे असेल, तर कॉमर्समध्ये गणित घेणेच शहाणपणाचे. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी बारावीला गणित लागते, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संख्याशास्त्र पदवीसाठीही. एक गोष्ट आधीच विचारून घ्या: काही कॉमर्स कॉलेजांत गणिताची तुकडीच नसते.

गैरसमज : आर्ट्सला गणित नसते आणि लागतही नाही.

वस्तुस्थिती : विषय क्रमांक ४० च्या नावातच ‘कला आणि विज्ञान’ आहे. कॉलेजात सोय असेल तर आर्ट्सचा विद्यार्थी अर्थशास्त्रासोबत गणित घेऊ शकतो. अर्थशास्त्रात आणि मानसशास्त्रात पुढे संशोधन करायचे तर संख्याशास्त्र टळत नाही. खडकवासल्याच्या एनडीएचे उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. लष्कराच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, हे ऐकून अनेक मुले दहावीनंतरच गणित सोडून देतात. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर गणिताचा असतो आणि तो सगळ्यांना द्यावाच लागतो. पात्रतेची अट वाचताना परीक्षेचा अभ्यासक्रमही वाचायला हवा, तो यासाठी.

गैरसमज : अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, सीईटीत तिचे वजन फक्त वीस टक्के.

वस्तुस्थिती : एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमावर साधारण २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के प्रश्न येतात, हे बरोबर. जेईईत असा फरक नाही, तिथे दोन्ही वर्षे सारखीच लागतात. आणि सीईटीपुरते बोलायचे तरी बारावीचे ते ८० टक्के अकरावीवर उभे असतात. अकरावीची त्रिकोणमिती पक्की नसेल तर बारावीचे इंटिग्रेशन पाठांतर होऊन बसते. अकरावीची परीक्षा कॉलेज घेते, मंडळ घेत नाही, म्हणून ती हलकी वाटते. पण गणितात मागे पडलेल्या मुलांची अडचण बहुधा याच वर्षी सुरू होते आणि बारावीत उघडी पडते.

गैरसमज : एकदा गणित सोडले की दार कायमचे बंद.

वस्तुस्थिती : राज्य मंडळात बारावी उत्तीर्ण झाल्यानंतर एखाद्या पृथक विषयाची परीक्षा देता येते. पीसीबी घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अशा रीतीने नंतर गणिताची परीक्षा देऊ शकतो. यात वेळ जातो आणि वर्षाचे नियोजन करावे लागते. ज्या प्रवेशासाठी हे करायचे त्याच्या नियमांत असे गुण कसे धरले जातात, हे आधी पाहावे लागते. म्हणजे वाट आहे, फक्त लांबची आहे. मुलाच्या चुकलेल्या निवडीवरून घरात ‘आता सगळे संपले’ असे वातावरण करण्याचे मात्र काही कारण नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

आधी मुलाला ज्यांत खरा रस आहे असे तीन-चार अभ्यासक्रम कागदावर लिहा. प्रत्येकाची चालू वर्षाची माहिती पुस्तिका काढून पात्रतेचा रकाना स्वतः वाचा, कारण नियम बदलतात आणि दोन वर्षांपूर्वीच्या मुलाचा अनुभव आज लागू असेलच असे नाही. त्यासोबत प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रमही पाहा. मग वर सांगितलेल्या पाच गोष्टींचे वीस-पंचवीस प्रश्न मुलाला घरी, घड्याळ न लावता सोडवू द्या. बालभारतीची अकरावीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. गणिताची दोन-तीन प्रकरणे मुलाने स्वतः चाळावीत. शेवटी, कॉलेजात विषय बदलण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. निवड चुकली असे पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आले तर तिथल्या तिथे दुरुस्त करता येते.

गणित घेणारा हुशार आणि सोडणारा कच्चा, ही समजूत या सगळ्या गैरसमजांच्या मुळाशी आहे, आणि तिने मुलांचे फार नुकसान केले आहे. तिच्यापायी कुणी न झेपणारे गणित प्रतिष्ठेसाठी ओढत बसते, तर कुणी सहज जमले असते ते गणित भीतीने सोडून देते. कुठे जायचे आहे आणि आज पाया कुठवर आला आहे, या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली की निवड पुष्कळ सोपी होते. ती उत्तरे शोधायला मुलाला आठवडाभराचा वेळ आणि घरच्यांची शांत सोबत द्यावी, एवढी विनंती आहे.