उन्हाने वाहणारे पाणी

जळगाव जिल्ह्यातील बोदवडच्या शिवारात वैशाखाचे ऊन पडू लागले, म्हणजे काळ्या जमिनीला हातहातभर खोल भेगा पडतात. ओढेनाले तर त्याच्या कितीतरी आधीच आटलेले असतात. तहानलेली गुरे सवयीने नाल्यात उतरतात आणि कोरडी वाळू हुंगून परत फिरतात. खानदेशातील नदी ही पावसाची लेक. मृगाच्या सरी कोसळल्या की ती धावू लागते. ऊन तापले की ती रोडावते. ऊन वाढले म्हणजे पाणी घटते, हा नियम बोदवडच्या लहान मुलासही कोणी शिकवावा लागत नाही.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही प्रदेश आहेत, की जेथे हा नियम अगदी उलटा होतो. तेथील ओढे पावसाची वाट पाहत नाहीत. ऊन जितके प्रखर, तितके त्यांचे पाणी अधिक. दोन्ही ध्रुवांभोवतालचे हिमप्रदेश ते हेच होत.

असा एक ओढा भारतीयांच्या चांगल्या परिचयाचा आहे. १९८१ च्या डिसेंबर महिन्यात डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस जणांची तुकडी गोव्याच्या मुरगाव बंदरातून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर उतरली. त्यानंतर तेथे उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र बर्फावरच बांधलेले होते. ते हळूहळू बर्फात गडप झाले. तेव्हा १९८९ साली ‘मैत्री’ हे दुसरे केंद्र शिर्माकर टेकड्यांतील उघड्या खडकावर उभारण्यात आले. या केंद्रासमोर एक सरोवर आहे. त्याचे नाव प्रियदर्शिनी. दक्षिणेकडील अफाट हिमस्तर उन्हाळ्यात काठाशी वितळतो. ते पाणी खडकांतून वाट काढीत या सरोवरात येते आणि मैत्रीतील माणसे तेच पितात. भोवती जगातील सर्वांत मोठा बर्फाचा साठा. पण तहान भागते ती उन्हाने जेवढा मोकळा केला तेवढ्यावर!

तेथील उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो. बोदवडकडे त्या वेळी थंडी असते आणि शेतात दादर ज्वारी डोलत असते. तिकडे मात्र सूर्य आठवडेच्या आठवडे मावळतच नाही. तरीही हवा फारशी तापत नाही; मग बर्फ वितळते कसे? याचे उत्तर खानदेशातील शेतकऱ्याच्या डोक्यावरच आहे. तो उन्हात पांढरे उपरणे गुंडाळतो, कारण पांढरा रंग ऊन परतवून लावतो आणि काळा रंग ते शोषून घेतो. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा बहुतेक भाग परत फेकते, म्हणून ते टिकते. परंतु काळा खडक तापतो, आणि त्याला टेकलेले बर्फ पाझरू लागते. वाऱ्याने आलेल्या धुळीचा कण बर्फावर पडला, तर तोही तापून आपल्यापुरती खळगी करतो. एकदा पाणी साचले, की त्याचा गडद रंग अधिक ऊन ओढतो व अधिक बर्फ वितळते. वितळणेच वितळण्यास साहाय्य करते, असा हा प्रकार आहे.

वितळलेले सारेच पाणी मात्र वाहून जात नाही. मृगाचा पहिला पाऊस जसा जमिनीच्या भेगांत जिरतो आणि नाला वाहावयास आणखी पाऊस पडावा लागतो, तसेच उंचावरील भुसभुशीत हिमात पाणी मुरते व तेथेच पुन्हा गोठते. हिमाची तहान भागल्यावर जे उरते, तेच उतारास लागते.

या पाण्याचे खरे सामर्थ्य पाहावयाचे, तर उत्तरेस ग्रीनलंडला जावे लागेल. तेथील हिमस्तराचा विस्तार सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी तीन किलोमीटरांहून अधिक आहे. उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर निळ्याशार पाण्याचे प्रवाह वाहतात. वाहता वाहता एखादा प्रवाह बर्फातील विहिरीसारख्या खोल विवरात कोसळतो आणि थेट तळच्या खडकापर्यंत पोहोचतो. तेथे तो हिमनदीखाली वंगणासारखा पसरतो व तिची चाल वाढवितो. पुढे हिमनदीच्या मुखातून बाहेर पडताना हे पाणी दुधासारखे दिसते. बर्फाने दळलेल्या खडकाचे पीठ त्यात मिसळलेले असते. २००६ च्या जुलैमध्ये पश्चिम ग्रीनलंडमधील बर्फावरील एक सरोवर, विस्ताराने साडेपाच चौरस किलोमीटरांहूनही मोठे, तळाला भेग पडून सुमारे दीड तासात रिते झाले! २०१२ च्या जुलैमध्ये तर ग्रीनलंडच्या जवळजवळ सर्व पृष्ठभागावर बर्फ वितळू लागले, आणि कांगरलुसुआक या गावचा पूल त्या पुराने फोडला. आकाशातल्या पावसाने नव्हे, तर वितळलेल्या बर्फाने आलेला हा पूर होता.

हिमस्तर ही एक प्रचंड कणगी आहे. हिवाळ्यात पडणारे हिम ही तिची आवक. वितळून वाहणारे पाणी आणि तुटून समुद्रात पडणारे हिमनग ही जावक. दोन्ही सारखी असतील, तर कणगी भरलेलीच राहते. परंतु कोळसा व तेल यांच्या ज्वलनाने पृथ्वीची हवा तापत चालली आहे आणि १९९० नंतरच्या काळात ग्रीनलंडची जावक आवकीहून पुष्कळच वाढली आहे. अंटार्क्टिकाही घटत आहे. मात्र तेथे वरचे पाणी बहुधा पुन्हा गोठते आणि घट होते ती मुख्यतः हिमनग तुटल्याने व किनाऱ्याचे बर्फ समुद्राच्या पाण्याने खालून झिजल्याने.

येथे एक गोष्ट पारखून पाहण्यासारखी आहे. गोळेवाल्याकडून आणलेला बर्फाचा खडा काठोकाठ भरलेल्या वाटीत तरंगत ठेवला, तर तो विरघळल्यावरही वाटी सांडत नाही. तोच खडा वाटीच्या वर चाळणीत ठेवला, तर त्याच्या ठिबकण्याने वाटी सांडू लागते. समुद्रावर आधीच तरंगणाऱ्या बर्फाने समुद्र फारसा चढत नाही. जमिनीवरील बर्फाचे पाणी त्याला चढविते. ग्रीनलंडचे सारे बर्फ वितळले, तर जगातील समुद्र सुमारे सात मीटर वर येतील. त्याला शतकानुशतके लागतील हे खरे. पण १९०० पासून आजवर समुद्र सुमारे वीतभर चढलेलाच आहे. काही वाढ तापून फुगलेल्या पाण्याची, तर बरीचशी वितळलेल्या बर्फाची. बोदवडपासून समुद्र दूर आहे. परंतु ज्या तापीच्या खोऱ्यात बोदवड वसले आहे, ती सुरतेजवळ ज्या समुद्राला मिळते, त्याच्यातही हे ध्रुवाकडचे पाणी मिसळत असते. वीतभर चढलेल्या समुद्राची भरती नदीच्या मुखातून पूर्वीपेक्षा अधिक आत शिरते. सुरतेच्या, मुंबईच्या व कोकणच्या खाडीकाठच्या लोकांना ती वीत लहान वाटत नाही.

मार्चच्या सुमारास मैत्रीवरील सूर्य उतरणीस लागतो. दक्षिणेकडून येणारा ओढा मुका होतो आणि प्रियदर्शिनीवर बर्फाची साय धरते. तिच्या खाली मात्र पाणी राहते, आणि नळ गोठू न देता ते केंद्रात ओढून आणणे हे तेथील माणसांचे हिवाळाभराचे काम असते. त्याच दिवसांत बोदवडच्या विहिरींवर दोर आणखी एक हात खाली सोडावा लागतो.