साखळी लांब का होते?

मोटारसायकलची साखळी ‘ताणली’ असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः तिचे पोलाद ताणले जात नाही. तिच्या प्रत्येक सांध्यात एक खीळ व तीभोवती एक नळी असते. वंगण आटले व धूळ शिरली, की ही दोन्ही एकमेकींवर घासून झिजतात. एका सांध्याची झीज केसाएवढीच. परंतु सांधे शंभराच्या आसपास असतात व साऱ्यांची बेरीज होते.

ही वाढ घरीही मोजता येते. दोन खिळींतील अंतर १२.७ मिलिमीटर असल्यास, ताठ धरलेल्या साखळीत अशी २० अंतरे २५४ मिलिमीटर भरावीत. ती २५९ भरली, म्हणजे वाढ दोन टक्क्यांवर गेली, तर साखळी बदलावी. तुटलेली साखळी अडकून धावत्या वाहनाचे मागचे चाक एकाएकी जखडू शकते.

जुन्या दंतचक्रांवर नवी साखळी चढविणे ही मात्र खोटी काटकसर होय. झिजलेल्या साखळीने दाते आकड्यासारखे वाकडे केलेले असतात; नवीचे रूळ त्यांत नीट बसत नाहीत व तीही लवकर झिजते. म्हणून दोन्ही दंतचक्रेही बदलावीत.

काम इंजिन बंद ठेवूनच करावे. जोडकडीस चिमटा असल्यास त्याची बंद बाजू साखळीच्या गतीच्या दिशेस ठेवावी. उघडी बाजू पुढे राहिली, तर अडथळा लागून चिमटा निसटण्याचा संभव असतो. शेवटी मागचे चाक हाताने फिरवून साखळी जेथे सर्वांत ताठ वाटेल, तेथेच वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेली ढील मोजावी.