धक्के झेलणारी सायकल

सायकल घेण्यासाठीं दुकानांत शिरलेल्या मनुष्याची दृष्टि बहुधा प्रथम जिच्यावर खिळते, ती जाड टायरांची असते. तिच्या पुढच्या चिमट्याच्या नळ्या एकमेकींत सरकतात, आणि मागें फ्रेमच्या पोटांत एक आंखूड नळकांडें बसविलेलें असतें. तिच्यावर बसून भार दिला कीं सारें वाहन गादीप्रमाणें दबतें व पुन्हां वर येतें. हा अनुभव इतका सुखाचा असतो कीं, तेवढ्यावरच सौदा ठरून जातो. पुढें सहा महिन्यांनीं तीच सायकल जिन्याखालीं धूळ खात पडलेली दिसते, असेंहि पुष्कळदां घडतें. दोष सायकलीचा नसतो. तिचा गुण व घेणाराची गरज यांचा मेळ कोणीं घातलेलाच नसतो.

सायकलीच्या चाकाला पहिली मऊ गादी मिळाली ती हवेच्या टायरानें. बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलॉप यानें १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्यानंतर सुमारें शंभर वर्षें बहुतेक सायकलस्वारांनीं तेवढ्यावरच समाधान मानलें. १९७० नंतर कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून खालीं धांवूं लागले. त्यांच्या एका उतारावर ब्रेक इतके तापत कीं, मागच्या चाकाच्या तुंब्यांतील ग्रीस जळून जाई व ती नव्यानें भरावी लागे. म्हणून त्या उताराचें नांवच 'रिपॅक' पडलें. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें अशा वाटांसाठींच मुद्दाम सायकल बांधली. १९९० च्या सुमारास धक्के झेलणारा चिमटा बाजारांत आला आणि त्याच दशकांत मागच्या चाकालाहि तशी सोय झाली. दोन्ही चाकें स्वतंत्रपणें वरखालीं होणारी ती 'फुल सस्पेन्शन' सायकल.

तिच्या रचनेंत दोन कामें निरनिराळीं आहेत. पहिलें काम स्प्रिंगचें. ही स्प्रिंग पोलादाची असते किंवा कोंडलेल्या हवेची. चाक दगडावर चढलें कीं ती दबते व फ्रेमला बसणारा हिसका सौम्य होतो. परंतु दबलेली स्प्रिंग तितक्याच जोरानें उसळी मारणार. म्हणून दुसरें काम ती उसळी आवरण्याचें. नळकांड्यांतील तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें आणि उसळीची शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. या योजनेचा मोठा लाभ सुखापेक्षां सुरक्षितपणाचा आहे. खडबडीत जमिनीवर चाक उडत नाहीं, जमिनीला धरून राहतें. आणि जमिनीला टेकलेल्या चाकालाच ब्रेक लागतो व वळण घेतां येतें.

आतां निवडीचा प्रश्न. अगदीं स्वस्त सायकलींत बहुधा नुसती स्प्रिंग असते, तेलाची योजना नसते. अशी सायकल जड असून घोड्यासारखी उड्या मारते. तितक्याच पैशांत केवळ पुढचा चिमटा दबणारी, किंवा अजिबात न दबणारी, पण चांगल्या ब्रेकची सायकल मिळत असेल, तर तीच घेणें शहाणपणाचें. ज्याचा नित्याचा मार्ग सगळा डांबरी आहे, त्याला खड्डे सोसण्यास रुंद टायर व त्यांत बेताची हवा पुरे होते. मात्र पुण्यांतील एखादा मनुष्य आठवडाभर कचेरीला जाऊन सुटीच्या दिवशीं वेताळ टेकडीच्या पाऊलवाटा तुडवीत असेल, तर त्याला फुल सस्पेन्शन सार्थकीं लागेल. त्यानें चाकाची हालचाल १०० ते १३० मिलिमीटर असलेली निवडावी; त्याहून अधिक हालचाल ही तीव्र उतारासाठीं आहे व रोजच्या चढावर तिचें ओझेंच होतें. चढतांना पेडलाबरोबर सायकल डुलूं नये म्हणून मागचा शॉक ताठ करणारी कळ आहे कीं नाहीं, तेंहि पाहावें.

सायकल घरीं आली म्हणजे प्रथम ती स्वाराच्या वजनाला जुळवावी लागते. नेहमींचें दप्तर घेऊन स्वारानें बसावें, मागच्या शॉकच्या दांड्यावरील रबरी कडें वर सरकवावें आणि अलगद उतरावें. दांड्याची एकूण सरक ५० मिलिमीटर असेल, तर कडें १२.५ ते १५ मिलिमीटर, म्हणजे पाव हिश्शाहून किंचित् अधिक, सरकलेलें असावें. अधिक सरकलें तर हवा भरावी, कमी सरकलें तर सोडावी. यासाठीं टायराचा पंप चालत नाहीं. अधिक दाबाचा, कांटा असलेला निराळा पंप लागतो.

यानंतर खरा संसार सुरू होतो. मागचें चाक सारखें वरखालीं होत असल्यामुळें साधें कॅरिअर बसत नाहीं. सीटखालीं लांब पिशवी लोंबकळविली तर वर येणारें चाक तिला घासतें. म्हणून बहुधा ओझें पाठीवरच येतें. वजन १४ किलोग्रॅमच्या आसपास असतें. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या व लिफ्ट नसलेल्या माणसानें दुकानांतच ती एकदां उचलून पाहावी. पावसाळ्यांत शॉकचा चकचकीत दांडा रोज मऊ फडक्यानें पुसावा; सांध्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारूं नये, कारण तेथील बेअरिंगांतील ग्रीस त्यानें निघून जाते. चिमट्याच्या खालच्या नळ्यांतील तेल दर ५० तासांनीं बदलावें, असें पुष्कळ कारखानदार सांगतात. रोज एक तास चालणाऱ्या सायकलीचे हे तास दोन महिन्यांच्या आंतच भरतात. हा खर्च किमतीबरोबरच हिशेबांत धरला पाहिजे.

धक्का झेलणाऱ्या यंत्राचीहि झीज होते, आणि ती कोणाला तरी भरून काढावी लागते. जो तें काम आनंदानें करील, त्याला ही सायकल वर्षानुवर्षें वाट मऊ करून देईल. ज्याला त्याचा कंटाळा आहे, त्यानें साधी सायकल घेऊन खड्डा चुकविण्यास शिकावें.