तापणारें सॉकेट आणि शाबूत फ्यूज

वाशीम, कारंजा, रिसोड यांसारख्या गांवांतील स्वयंपाकघरांत आतां विजेची शेगडी, किटली, मिक्सर आणि फ्रिज हीं उपकरणें येऊन बसलीं आहेत. तीं चालू असतां कित्येकदां भिंतीवरील सॉकेट हाताला ऊन लागतें, क्वचित् जळका वासहि येतो. तथापि फ्यूज शाबूत आहे एवढ्यावरच घरांतील मंडळी निर्धास्त राहतात. हा निर्धास्तपणाच घातक होय.

विजेच्या प्रवाहास जेथें अडथळा होतो तेथें उष्णता उत्पन्न होते. प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते, हें जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखवून दिलें. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. उपकरणावरील वॅटच्या आंकड्यास २३० नें भागलें म्हणजे अँपिअर निघतात. २,००० वॅटची शेगडी सुमारें ८.७ अँपिअर घेते; लहान सॉकेट तर केवळ ६ अँपिअरसाठीं केलेलें असतें. मोठा प्लग जोड लावून त्यांत बसविणें म्हणजे शेळीच्या पाठीवर बैलाचें ओझें लादणें होय.

परंतु १६ अँपिअरचें मोठें सॉकेटहि तापतें, आणि त्याचें कारण बहुधा सैल जोडणी हें असतें. प्लग वारंवार काढल्याघातल्यानें आंतील पितळी पकड ढिली पडते, तारेचा स्क्रू सैल होतो, धातूवर काळी पुटें चढतात. समजा, तेथें अर्धा ओहम अडथळा निर्माण झाला, तर ८ अँपिअरच्या प्रवाहानें ३२ वॅट उष्णता त्या चिमुकल्या जागीं सांचते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननें डाख वितळवितो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे धोक्याची कल्पना येईल. तापल्यानें पकड अधिक ढिली होते, ढिलाईनें ती अधिक तापते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत भिंतीच तापलेल्या असल्यानें ही उष्णता लवकर निघूनहि जात नाहीं. फ्यूज किंवा एम.सी.बी. तुटतो तो प्रवाह फाजील वाढल्यावर. येथें प्रवाह वाढतच नाहीं. म्हणून या दोषाचा पहारेकरी फ्यूज नव्हे, तर माणसाचें नाक, कान आणि डोळे होत.

जळका वास, चर्‌चर् आवाज किंवा भोंकांभोंवतीं काळेपणा आढळल्यास प्रथम मेन स्विच बंद करावा, सॉकेट निवूं द्यावें आणि मगच प्लग काढावा. तें सॉकेट पुन्हां वापरूं नये. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील तर प्लगहि बदलावा. नाहींतर तो नवें सॉकेटहि बिघडवील. परवानाधारक वायरमनकडून जळलेलें तारेचें टोक कापवून नवें सॉकेट बसवून घ्यावें. १६ अँपिअरच्या सॉकेटाची तांब्याची तार २.५ चौरस मिलिमीटरपेक्षां बारीक नसावी. फ्यूजमध्यें जाड तार घालणें हा उपाय नव्हे. तेणेंकरून उरलासुरला पहाराहि उठतो. ठिणगी पडून पेट घेतलाच तर वीज तोडल्यावांचून पाणी कदापि ओतूं नये.

सॉकेट बदलण्यास अर्धा तास पुरतो. ऊन लागलेल्या हातानें दिलेली सूचना त्याच दिवशीं मानली, तर पुढील अनर्थ टळतो.