घरातला गोल्डफिश सारखा का मरतो? एका माशाला नक्की किती पाणी लागतं?

टीव्हीशेजारच्या बाऊलमधला गोल्डफिश मेला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हमखास म्हणतं, "जाऊ दे, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." मग रविवारी नवा मासा येतो. महिन्याभरात तोही जातो.

मी पाचवीत असताना आमच्या घरी असे चार मासे गेले. पाचव्या वेळी आजीच म्हणाली, "आता मासा नको, संकट परवडलं."

हा समज आला फेंगशुईतून. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे घरात ठेवायचे, काळा मासा वाईट गोष्टी शोषून घेतो, वगैरे. मानायचं की नाही हा तुमचा प्रश्न. पण बाऊलमधला मासा लवकर मरण्याचं कारण बहुतेक वेळा त्या बाऊलच्या पाण्यातच असतं. त्यासाठी संकट शोधायची गरज नसते.

पाणी स्वच्छ दिसतं, तरी मासा का मरतो?

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्यामुळे तो सतत खायला मागतो आणि घाणही भरपूर करतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य आपल्याला दिसतं. पण मुख्य त्रास न दिसणाऱ्या गोष्टीचा असतो, तो म्हणजे अमोनिया. मासा कल्ल्यांमधून अमोनिया पाण्यात सोडत असतो, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. त्याला रंग नसतो, त्यामुळे पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही मासा त्यात गुदमरत असू शकतो.

आता साधा हिशोब करा. दुकानातल्या छोट्या बाऊलमध्ये साधारण ४ लिटर पाणी मावतं. तोच मासा ८० लिटरच्या टाकीत ठेवला तर तितकाच अमोनिया २० पट पाण्यात पसरतो. म्हणजे जागेचा प्रश्न फक्त माशाला पोहायला मिळण्याचा नाही. जास्त पाणी म्हणजे विष पातळ.

मोठ्या टाकीत आणखी एक गोष्ट होते. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर काही जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की ते निघून जातं. नवीन टाकीत ही वस्ती जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आपण मात्र टाकी आणि मासे एकाच दिवशी आणतो. "महिन्याभरात गेला" हे इतक्या घरांमध्ये ऐकू येतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

त्यात आपण दर रविवारी बाऊल पूर्ण रिकामा करतो, खडे नळाखाली खळखळून धुतो आणि नवं पाणी भरतो. स्वच्छता म्हणून करतो, पण जमलेले थोडेफार जिवाणू असे वाहून जातात. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कल्ल्यांना इजा करतं.

मग नक्की किती लिटर?

एकच सर्वमान्य आकडा नाही. गोल्डफिश पाळणाऱ्यांमध्ये चालणारा ठोकताळा असा : फुगीर पोटाच्या, दुहेरी शेपटीच्या जातींसाठी, म्हणजे ओरांडा, फॅनटेल, ब्लॅक मूर वगैरेंसाठी, पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला साधारण ३८ लिटर. हे विचित्र आकडे अमेरिकन गॅलनमधून आले आहेत, २० गॅलन आणि १० गॅलन.

आपल्याकडे टाक्या फुटांत विकतात. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा आणि उत्तराला २८ ने गुणा, लिटर मिळतील. दुकानात हमखास मिळणारी २ बाय १ बाय १ ची टाकी म्हणजे ५६ लिटर. ती एका माशालाही कमी पडते. ३ बाय १ बाय १ घेतली तर ८४ लिटर. काठोकाठ भरत नाही आणि तळाला खडे असतात हे धरलं तर हिशोब एका माशापाशीच थांबतो. दोन किंवा तीन मासे हवे असतील तर ३ बाय दीड बाय दीड, म्हणजे १८९ लिटर.

आणि फेंगशुईचे नऊ? ७५ अधिक आठ गुणिले ३८, म्हणजे ३७९ लिटर. सहा फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम तितकं पाणी मावतं. नुसत्या पाण्याचंच वजन पावणेचारशे किलोच्या वर, काच आणि स्टँड वेगळं. वन बीएचकेमध्ये ती ठेवायची तर सोफा बाहेर काढावा लागेल. (हे सोफ्यावर बसूनच लिहितेय.)

लांबट, एकेरी शेपटीच्या कॉमन आणि कॉमेट गोल्डफिशचा विषय वेगळा. ते मोकळ्या तळ्यात फूटभर वाढू शकतात आणि जोरात पोहतात. त्यांची खरी जागा बागेतलं तळं किंवा मोठा हौद. दुकानात सगळ्यात स्वस्त तेच असतात, म्हणून बाऊलमध्ये सगळ्यात जास्त तेच जातात.

टाकी घेताना उंचीपेक्षा लांबी-रुंदी बघा. ऑक्सिजन पाण्यात पृष्ठभागावरून मिसळतो. निमुळत्या तोंडाच्या बाऊलमध्ये तो पृष्ठभागच लहान असतो, त्यात आपण तो काठापर्यंत भरतो.

"पण मासा टाकीएवढाच वाढतो ना?"

दुकानदार हे अगदी आत्मविश्वासाने सांगतात. अर्धं खरं आहे. छोट्या टाकीत गोल्डफिश खुरटा राहतो हे दिसतं. पण त्याचं कारण त्याने जागेशी जुळवून घेतलं हे नसून खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते हे असतं. आणि खुरटलेले मासे सहसा लवकर मरतात.

चांगल्या पाण्यात हा मासा १० ते १५ वर्षं सहज जगतो. गिनीजच्या नोंदीतला ब्रिटनमधला टिश नावाचा गोल्डफिश १९५६ मध्ये एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता. तो गेला १९९९ मध्ये, ४३ वर्षांचा होऊन. मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पिशवीतला मासा देताना हे जरा लक्षात घ्या.

त्याला तीन सेकंदांपलीकडे काही आठवत नाही, तेव्हा बाऊल असला काय आणि टाकी असली काय, असंही म्हणतात. हेही खोटं. २०२२ मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गोल्डफिशना चाकांवरची टाकी "चालवायला" शिकवली होती. मासा ज्या बाजूला पोहेल त्या बाजूला गाडी जायची आणि ठरलेल्या खुणेपाशी पोहोचलं की खाऊ मिळायचा. मासे शिकले.

इटलीतल्या मोन्झा शहराने २००४ मध्ये आणि रोमने २००५ मध्ये गोल बाऊलवर बंदी घातली. फ्रान्सच्या अॅग्रोबायोथर्स या कंपनीने २०२२ मध्ये १५ लिटरपेक्षा लहान टाक्या विकायच्या नाहीत असं जाहीर केलं.

आपल्याकडचा उन्हाळा

गोल्डफिश थंड पाण्यातला मासा. १८ ते २२ अंश त्याला मानवतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि अमोनियाही जास्त घातक होतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात चार लिटरचा बाऊल दुपारी किती तापत असेल, विचार करा. जास्त पाणी हळू तापतं, त्यामुळे लाइट गेल्यावर पंप बंद पडला तरी मोठ्या टाकीतल्या माशाला थोडा वेळ मिळतो.

मासा तोंड वर करून पृष्ठभागावर सतत हवा गिळताना दिसला, तर त्याला भूक लागली असं समजून खाद्य टाकू नका. बहुतेकदा तो श्वासासाठी धडपडत असतो.

बाऊल आधीच घरी आहे. आता काय?

महागडी काचपेटीच हवी असं नाही. पसरट, शंभर लिटरचा, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी वापरतात तसा प्लॅस्टिकचा टब चालतो. चीनमध्ये गोल्डफिश शतकानुशतकं तळ्यात आणि रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यांतच ठेवत, ते बघायचे वरून. टब नवा असेल तर साबणाने धुऊ नका, नुसत्या पाण्याने धुवा. त्यात स्पंज फिल्टर आणि एअर पंप लावा. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, सगळं नाही. नव्या पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब घाला. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली नको. खाणं दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

हे जमणार नसेल तर मासा दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. फक्त जवळच्या तलावात किंवा नदीत सोडू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बर्न्सविल शहराच्या केलर तलावात लोकांनी असेच गोल्डफिश सोडले होते. २०२१ मध्ये पालिकेने ते बाहेर काढले तेव्हा त्यातले काही फुटबॉलएवढे झाले होते.