चित्रांतील हालचालीचा हिशेब

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीशीं बसून बाहेर पाहण्याचा आनंद आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं घेतला असेल. रुळालगतचे खांब झपाट्यानें मागें पळतात. ज्वारी-कापसाचीं शेतें त्या मानानें सावकाश सरकतात. आणि दूरची डोंगराची रांग तर जागच्या जागीं उभी आहे असें वाटतें. क्षणभर डोळे मिटून पुन्हां उघडले, तर बाहेर अगदीं नवें असें फारच थोडें दिसतें. जुनेंच सारें थोडेंथोडें सरकलेलें असतें. गोष्ट इतकी साधी. परंतु आज घरोघरीं मोबाइलवर जीं हलतीं चित्रें दिसतात, त्यांचा बहुतेक कारभार या साध्या गोष्टीवरच उभारलेला आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो एका घरगुती प्रसंगानें. गंगाखेडच्या एका परिचित घरीं आम्ही संध्याकाळीं गेलों असतां आजीबाई मोबाइलसमोर बसल्या होत्या. परदेशांत असलेला पणतू नुकताच पाऊल टाकूं लागला होता, आणि तें कौतुक पाहण्यास सारें घर जमलें होतें. बाळ बसलेलें असे तोंवर त्याचा चेहरा स्वच्छ दिसे. तें उठून चालूं लागलें कीं चित्राचे चौकोन चौकोन होऊन जात. ज्या क्षणासाठीं सर्व मंडळी थांबली होती, तोच नेमका हरपला. आजी मुलाला म्हणाल्या, “बसला म्हणजे दिसतो, मग चालतांनाच कां रे दिसत नाहीं?” त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा येथें यत्न केला आहे.

प्रथम आंकडे पाहूं. उत्तम प्रतीच्या एका चित्रांत आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकंदर २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास शून्य किंवा एक अशा २४ खुणा लागतात. सेकंदास अशीं २५ चित्रें धरलीं, तर दर सेकंदास सुमारें १२४ कोटी खुणा पाठवाव्या लागतील. खेड्यांतील मोबाइलच्या जोडणीस हा भार पेलणें शक्य नाहीं. म्हणून यंत्र आगगाडींतील प्रवाशाप्रमाणें वागतें. पहिलें चित्र तेवढें संपूर्ण पाठवावयाचें. पुढील चित्राचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येकाविषयीं इतकेंच कळवावयाचें कीं, ‘मागील चित्रांतील तुकडा इतका आडवा व इतका उभा सरकवून येथें बसवावा.’ या दोन आंकड्यांच्या जोडीस गतिसदिश म्हणतात. त्यानंतर जो फरक उरेल, तेवढा निराळा पाठवितात.

या शास्त्राच्या पायाभरणींत मुंबईंत शिकलेल्या एका विद्वानाचा मोठा वांटा आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. डॉ. अरुण नेत्रावळी हे मुंबईच्या आय. आय. टी.चे १९६७ सालचे पदवीधर. अमेरिकेंतील राइस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविल्यावर ते बेल प्रयोगशाळेंत गेले व पुढें तिचे अध्यक्षहि झाले. १९७९ सालीं जे. डी. रॉबिन्स यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं एक चतुर मार्ग दाखविला. आधींच पोंचलेल्या बिंदूंवरून हालचालीचा अंदाज पाठविणाऱ्यानें व घेणाऱ्यानें आपापल्या ठिकाणीं सारख्याच रीतीनें करावा, म्हणजे सरकण्याचे आंकडे निराळे पाठवावयासच नकोत. २००१ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. पुढें रूढ झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांनीं मात्र घेणाऱ्यावर इतकें गणित न लादतां तुकड्यागणिक गतिसदिश पाठविण्याचा मार्ग पत्करला.

पण त्यालाहि खर्च आहेच. सोळा-सोळा बिंदूंचे तुकडे पाडले, तर वरील चित्रांत ८,१६० तुकडे होतात. प्रत्येक गतिसदिशास २२ खुणा धरल्या, तरी सेकंदास सुमारें ४५ लाख खुणा केवळ ‘सरकवा’ एवढें सांगण्यांतच खर्ची पडतील. तुकडे लहान केले तर जुळणी नेमकी होते, पण आंकडे वाढतात; मोठे ठेवले तर आंकडे वांचतात, पण जुळणी बिघडते. महिन्याच्या मिळकतींत घर चालविणाऱ्या गृहिणीस हा पेंच निराळा समजावून सांगावयास नको.

यावर तोड काढली ती तारेच्या रीतीची. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ च्या जुलैंत बंद झाली. परंतु ती चालू असतां शब्दागणिक पैसे पडत, आणि समोरच्यास जें ठाऊक तें तारेंत कोणी लिहीत नसे. येथेंहि तसेंच. भिंतीचा एक तुकडा सरकला कीं शेजारचाहि बहुधा तितकाच सरकतो. २००३ सालच्या ‘एच. २६४’ या प्रमाणांत डावीकडील, वरचा व वर उजवीकडील अशा तीन शेजाऱ्यांच्या आंकड्यांतील मधला आंकडा अंदाज म्हणून घेतात. समजा, शेजाऱ्यांचे आंकडे १८, २० व ४० आहेत आणि आपल्या तुकड्याचा २१. मधला आंकडा २०. तेव्हां केवळ १ हा फरक पाठवावयाचा. तेथील एका प्रचलित लेखनपद्धतींत २१ लिहिण्यास ११ खुणा लागतात, १ लिहिण्यास ३, आणि फरक शून्य असल्यास अवघी एक!

२०१३ सालच्या ‘एच. २६५’ नें याच्याहि पुढची मजल गांठली. तेथें पांचपर्यंत उमेदवारांची यादी दोन्ही टोकांस सारखीच तयार होते, आणि ‘यांतल्या दुसऱ्याप्रमाणें चाल’ एवढाच क्रमांक धाडला तरी भागतें. २०२० सालच्या ‘एच. २६६’ मध्यें तर घेणारें यंत्र कांहीं गतिसदिशांना स्वतःच अधिक नेमकेपणा आणतें. नेत्रावळींच्या जुन्या कल्पनेची आठवण यावी असाच हा प्रकार आहे.

आतां आजींचें उत्तर. बाळ बसलेलें असतां बहुतेक तुकड्यांचा फरक शून्य, म्हणून खर्च नाममात्र. तें चालूं लागलें कीं एक पाय पुढें, दुसरा मागें, हात वर, अंगरखा हेलकावे खातो. शेजाऱ्यावरून केलेला अंदाज चुकतो, आंकडे मोठे होतात, आणि उरलेला फरकहि वाढतो. जोडणी तर तितकीच अरुंद! मग यंत्र चित्राचा बारकावा कमी करून वेळ मारून नेतें. त्यांत वाटेंत कांहीं खुणा हरवल्या, तर प्रत्येक चित्र मागच्यावर टेकलेलें असल्यामुळें ती चूक पुढेंहि वाहत जाते.

यावर घरांत करण्यासारखे उपाय सोपे आहेत. मोबाइल हातीं न धरतां स्थिर ठेवावा. मागें फिरता पंखा किंवा हलता पडदा नसावा. आणि उजेड भरपूर असावा, कारण अंधुक प्रकाशांत चित्रावर दाणे उमटतात व त्यांच्यापायीं खुणा वायां जातात.

आम्ही हें त्या घरीं सांगितलें, व त्यांनीं तें परदेशीं कळविलें. पुढच्या रविवारीं तिकडे मोबाइल टेबलावर पुस्तकांना टेकवून ठेवला होता, खोलीचे पडदे एका बाजूस बांधले होते, आणि पाठीमागें कोरी भिंत होती. बाळ भिंतीच्या कडेनें चार पावलें चाललें. चित्र थोडें पुसट झालें, पण मोडलें नाहीं. पहिलें पाऊल हुकलें तें हुकलेंच. पण हीं चार पावलें आजींनीं मोजून घेतलीं.